ड्युटीवर पाय गमावलेल्या हवालदाराची रुग्णता निवृत्ती: अर्जावर सही करण्याआधी काय बघावं?

नाकाबंदी_पॉइंट (प्रश्न)

प्रकरण महाराष्ट्र पोलीस, जिल्हा घटकातलं आहे. पद हवालदार, वय ४५, भरती जून २००३ ची, म्हणजे जुनी पेन्शन लागू. अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा २२ वर्षे ४ महिने. सध्याचं मूळ वेतन ४९,०००.

रात्रीच्या नाकाबंदीत गाडीने उडवलं आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. कृत्रिम पाय बसवलाय, सपाट जागी चालता येतं. जिना आणि जास्त वेळ उभं राहणं जमत नाही. दिव्यांगत्व प्रमाणपत्र ६० टक्क्यांचं आहे. आतापर्यंतची सगळी गैरहजेरी अर्जित आणि अर्धवेतनी रजेत टाकली गेली, आता खात्यावर फारसं काही उरलेलं नाही.

आस्थापना शाखेतून तोंडी सांगतात, "मेडिकलवर निवृत्तीचा अर्ज द्या. पेन्शन चालू होईल आणि मुलगा अनुकंपावर लागेल." अर्ज द्यावा का? दिला तर नक्की काय हातात येतं? आणि ड्युटीवरच्या जखमेचं वेगळं काही मिळतं का? जाणकारांनी नियमासह सांगावं.

---

पेन्शन_टेबल

अर्ज देऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

आधी दोन कागद वेगळे करा, कारण कार्यालयातसुद्धा त्यांची सरमिसळ होते. तुमच्याकडे आहे ते दिव्यांगत्व प्रमाणपत्र. शरीराची हानी किती, एवढंच ते सांगतं आणि त्याच्या जोरावर कुणालाही निवृत्त करता येत नाही. रुग्णता निवृत्तिवेतनासाठी, म्हणजे मेडिकलवर निवृत्त झाल्यावरच्या पेन्शनसाठी, लागतं ते असमर्थतेचं वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि ते वेगळ्या प्रक्रियेतून मिळतं. ६० टक्के म्हणजे नोकरीला नालायक, असं गणित कुठल्याही नियमात नाही.

आता मुख्य मुद्दा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०(४). सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला सेवेतून काढता येत नाही आणि खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुन्या पदाचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पदच नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या जादा) पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी होईल तोवर. तुमच्या बाबतीत निवृत्तीचं वय ५८, म्हणजे अजून १३ वर्षांचं पूर्ण वेतन, वार्षिक वाढी आणि ३० वर्षांनंतरचा आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळताही वरची वेतनश्रेणी देणारा) लाभ. हे सगळं एका अर्जाने सोडून द्यायला सांगतायत.

हे कलम नवीन नाही. १९९५ च्या कायद्यात ते कलम ४७ होतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार हा २००३ चा निकाल आहे. तो माणूसही सशस्त्र दलातला शिपाई, ड्युटीवर दुखापत होऊन पाय कापलेला, आणि त्यालाही रुग्णता निवृत्त केलं होतं. न्यायालयाने सांगितलं की पेन्शन नियमात रुग्णता निवृत्तीची तरतूद आहे म्हणून कायद्याचं संरक्षण संपत नाही आणि पेन्शन दिली म्हणून जबाबदारी फिटत नाही.

एक अपवाद माहीत असू द्या. केंद्राने १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची लढाऊ पदं कलम २० मधून वगळली. त्या यादीत राज्य पोलीस दलातला हवालदार येत नाही. "पोलिसांना हा कायदा लागू नाही" असं कुणी म्हणालं तर एकच विचारायचं: कुठल्या अधिसूचनेने? क्रमांक आणि तारीख लेखी द्या.

---

सेवापुस्तक_पान४

वरच्या प्रतिसादाला जोडून प्रक्रिया सांगतो, कारण खरा घोळ तिथेच होतो.

असमर्थतेचं प्रमाणपत्र स्वतः दवाखान्यात जाऊन आणता येत नाही. कार्यालय प्रमुखाच्या पत्राने वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं, सोबत आजाराचा इतिहास, उपचाराची कागदपत्रं आणि सेवापुस्तकातली जन्मतारीख जाते. त्या पत्रात काय विचारलंय यावर मंडळाचं उत्तर ठरतं, म्हणून पत्राची प्रत आधी मागून वाचा. "रुग्णता निवृत्तीसाठी तपासणी व्हावी" असं असेल तर मंडळ त्याच चौकटीत बघणार. तुमच्या पत्रात विचारणा अशी हवी: "सदर कर्मचारी सध्याच्या पदाच्या कर्तव्यास पात्र आहे काय, नसल्यास कमी श्रमाच्या कोणत्या कामास पात्र आहे?"

मग प्रमाणपत्रातलं वाक्य बघा. "कोणत्याही प्रकारच्या पुढील सेवेस पूर्णपणे व कायमचा असमर्थ" आणि "पूर्वीपेक्षा कमी श्रमाच्या सेवेस समर्थ" या दोन वाक्यांत १३ वर्षांच्या पगाराचा फरक आहे. दुसरं वाक्य आलं की कार्यालयाला पर्यायी काम द्यावंच लागतं. पहिलं आलं आणि ते पटत नसेल, तर प्रत हाती पडताच फेरतपासणीची मागणी लेखी करा. आदेश निघाल्यावर धावपळ करून अर्धा जोर जातो.

अर्ज द्यायचाच आहे तर हा द्या: घटकप्रमुखांच्या नावे, विषय "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ कलम २०(४) नुसार पर्यायी पदस्थापना मिळणेबाबत". सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज कार्ड. कुठलं काम जमेल ते नावानिशी लिहा: नियंत्रण कक्ष, सीसीटीएनएस (गुन्हे नोंदींची संगणक प्रणाली), बिनतारी संदेश, मुद्देमाल, पासपोर्ट पडताळणीची टेबलं. "योग्य ते काम द्यावे" असं मोघम लिहिलं की फाईल फिरत राहते. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय प्रत सोडू नका.

शब्दांच्या बाबतीत आणखी एक. "मी काम करू शकत नाही" हे वाक्य कुठल्याही अर्जात नको. "सध्याचे बंदोबस्ताचे काम करण्यात अडचण आहे, बैठे काम करू शकतो" असं लिहा. आणि "राजीनामा" हा शब्द तर चुकूनही नको. राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते. मग पेन्शनही नाही.

रजेचंही दुरुस्त करून घ्या. कर्तव्य बजावताना झालेल्या दुखापतीसाठी रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे. एका दिव्यांगत्वासाठी कमाल २४ महिने, आणि ती रजाखात्यातून वजा होत नाही. अट अशी की दिव्यांगत्व घटनेपासून तीन महिन्यांत प्रकट झालेलं असावं, ते वेळेत कळवलेलं असावं आणि वैद्यकीय मंडळाने तेवढी रजा आवश्यक म्हटलेली असावी. तुमची अर्जित रजा खर्ची टाकली असली तरी ती विशेष विकलांगता रजेत बदलून मागता येते. हे हक्क म्हणून मिळत नाही, मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आहे, पण मागायला हवंच. खात्यावर परत आलेल्या अर्जित रजेचे निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांच्या मर्यादेत पैसे होतात.

---

बिनतारी_जुना

माझं मत थोडं वेगळं. कायदा बरोबर आहे, पण सरसकट "अर्ज देऊ नका" म्हणणं काहींना महागात पडतं. अधिसंख्य पदावर ठेवलं तरी हजेरी द्यावीच लागते. पक्षाघात, शेवटच्या टप्प्यातला मूत्रपिंडाचा आजार, स्मृती गेलेली माणसं, यांना रोज कार्यालयात आणून बसवणं घरच्यांनाच झेपत नाही. रजा संपली की असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. अशा ठिकाणी लवकर रुग्णता निवृत्ती घेतलेली बरी, कारण निवृत्तिवेतन दर महिन्याला नक्की येतं.

तुमच्या प्रकरणात मात्र बैठं काम जमतंय, त्यामुळे वरच्या दोघांशी सहमत.

स्वेच्छानिवृत्तीचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. २० वर्षे झाली की तीन महिन्यांच्या नोटिशीने ती घेता येते, आणि काही कार्यालयं "मेडिकलची भानगड नको, व्हीआरएस टाका" असं सुचवतात. वैद्यकीय मंडळाची कटकट वाचते हे खरं. पण मग निवृत्ती तुमच्या इच्छेने झाली असं रेकॉर्डवर येतं आणि ड्युटीवरच्या जखमेच्या पुढच्या दाव्याला तेच आडवं येतं.

---

पेन्शन_टेबल

बिनतारीभाऊंचं रास्त आहे. "कायमचा असमर्थ" हे वैद्यकीयदृष्ट्या खरंच असेल तर रुग्णता निवृत्तिवेतन हीच योग्य वाट. तरी निर्णय कर्मचाऱ्याचा, सगळं माहीत करून घेऊन. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ या २००८ च्या निकालात कर्मचारी दृष्टिहीन झाला होता आणि निवृत्तीचं पत्र त्याने स्वतःच दिलं होतं. तरीही न्यायालय म्हणालं की हक्काची माहिती न देता घेतलेल्या अशा पत्राचा फायदा वीज मंडळाला घेता येणार नाही. म्हणजे कुणाचा अर्ज देऊन झाला असेल तरी सगळं संपलं असं नाही. अर्थात अर्ज न दिलेला केव्हाही सोपा.

आता आकडे, म्हणजे तुलना करता येईल.

४९,००० मूळ वेतनावर निवृत्तिवेतन ५० टक्के, २४,५००, आणि त्यावर महागाई वाढ. अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं) ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दरमहा ९,८०० विकले तर हातात १४,७०० अधिक महागाई वाढ. महागाई वाढ मात्र पूर्ण २४,५०० वर मोजतात, ती कापली जात नाही. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा चालू होतो.

इथे रुग्णता निवृत्तीचा एक तोटा आहे जो कुणी सांगत नाही. नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला वर्षाच्या आत अर्ज केला तर अंशराशीकरणासाठी वैद्यकीय तपासणी लागत नाही. रुग्णता निवृत्ताला लागते. तपासणीत आयुर्मान कमी धरलं तर प्रत्यक्ष वयात वर्षं वाढवून गुणक लावतात आणि रक्कम घटते. पाय गेलेल्या पण बाकी ठणठणीत माणसाला सहसा अडचण येत नाही. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला येते.

उपदान (ग्रॅच्युइटी) प्रत्येक पूर्ण सहामाहीला वेतनाच्या एक चतुर्थांश. २२ वर्षे ४ महिने म्हणजे ४४ सहामाही आणि वर चार महिने. तीन महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण सहामाही धरतात, म्हणून ४५. ४५ भागिले ४, म्हणजे ११.२५ पट. कमाल साडेसोळा पट, त्याला ३३ वर्षांची सेवा लागते. म्हणजे उपदानाचा जवळपास एक तृतीयांश भागही जातोय. याशिवाय भविष्य निर्वाह निधी, गट विमा आणि शिल्लक रजेचे पैसे मिळतात, पण ते कसेही निवृत्त झालात तरी तुमचेच आहेत, त्यांना "फायदा" म्हणून मोजू नका.

अनुकंपाबद्दल स्पष्ट: राज्याची अनुकंपा योजना सेवेत असताना मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबासाठी आहे. मुलाला नोकरी लागेल या भरवशावर रुग्णता निवृत्ती घेणं म्हणजे हातचं सोडून पळत्यापाठी. जो सांगतोय त्याला शासन निर्णयाची तारीख विचारा.

---

नाकाबंदी_पॉइंट

सगळ्यांचे आभार. अनुकंपाचा तर मोठाच गैरसमज होता. ड्युटीवरच्या जखमेचं राहिलं. आणि पर्यायी पदाच्या अर्जावर कुणी उत्तरच दिलं नाही तर?

---

सेवापुस्तक_पान४

जखमेसाठी असाधारण निवृत्तिवेतनाची तरतूद आहे, पण ती आपोआप लागत नाही. जखम कर्तव्यामुळेच झाली हे कागदावर सिद्ध व्हावं लागतं, मंडळाचं त्यावर वेगळं मत लागतं आणि प्रस्ताव घटक कार्यालयात संपत नाही, वर जातो. तुम्ही सेवेत राहिलात तरी हे पुरावे आत्ताच गोळा करून ठेवा, पुढे मिळत नाहीत. त्या रात्रीची नाकाबंदीची ड्युटी वाटप यादी, स्टेशन डायरीतली रवानगीची आणि घटनेची नोंद, धडक देणाऱ्या वाहनावरच्या गुन्ह्याची प्रथम खबर, पंचनामा, दवाखान्यातली एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून केलेली वैद्यकीय) नोंद. या सगळ्यांत वेळ जुळली पाहिजे. डायरीत रवानगी २२.०० ची, एमएलसीत अपघाताची वेळ २१.३० ची, अशी तफावत असली की "कर्तव्यावर नव्हता" हा शेरा येतो आणि फाईल परत. प्रमाणित प्रती घ्या. आणि घटनेचा गोषवारा सेवापुस्तकात नोंदवून घ्या, हे बहुतेक जण विसरतात.

उत्तर आलं नाही तर: कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा आणि तक्रारीची दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. तिथे तक्रार नोंदवा. पुढे पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं. निवृत्तीचा आदेशच निघाला तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. नुसतं निवेदन देऊन उत्तर आलं नसेल तर सहा महिने थांबायचं आणि त्यानंतर वर्षभरात अर्ज करायचा. आदेश आल्यावर निवेदनांवर निवेदनं देत बसू नका, त्याने मुदत वाढत नाही.

---

कवायत_मैदान

मध्येच विचारतो. भरती २०१२, एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना). मणक्याच्या आजाराने मंडळाने पूर्ण असमर्थ ठरवलंय. जुन्या पेन्शनवाल्यांसारखं काही मिळतं का?

---

पेन्शन_टेबल

मिळतं. वित्त विभागाचा ३१ मार्च २०२३ चा शासन निर्णय बघा. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या एनपीएसधारकाला रुग्णता निवृत्तीच्या वेळी रुग्णता निवृत्तिवेतन आणि सेवानिवृत्ती उपदान दिलं आहे. मात्र मासिक निवृत्तिवेतन घेतलं की एनपीएस खात्यातला शासनाचा हिस्सा शासनाकडे परत जातो. विकल्पाचा नमुना भरलाय का ते तपासा आणि विकल्पावर निर्णय होण्याआधी प्राण (एनपीएसच्या) खात्यातून पैसे काढायचा अर्ज टाकू नका. आधी काढले आणि मग विकल्प दिला तर प्रकरण लटकतं.

सेवा १० वर्षांवर आहे म्हणून तुमचं ठीक. केंद्राने ४ जानेवारी २०१९ ला रुग्णता निवृत्तीसाठीची १० वर्षांची अट काढली, त्याचे संदेश ग्रुपवर फिरत असतात. ते केंद्रीय नियम आहेत, राज्याच्या कर्मचाऱ्याला आपोआप लागू होत नाहीत.

अजून एक: मंडळाच्या शेऱ्यात व्यसनाचा उल्लेख आहे का ते वाचा. अनियमित किंवा व्यसनी राहणीमुळे आलेली असमर्थता असेल तर रुग्णता निवृत्तिवेतन नाकारता येतं. मणक्याच्या केस पेपरवर सवयींच्या रकान्यात घाईत काहीतरी लिहिलेलं असतं आणि तेच पुढे उतरतं. चुकीचं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

---

बिनतारी_जुना

नाकाबंदी_पॉइंट, पेन्शनच्या बाहेरच्या दोन गोष्टी.

पगाराचं खातं पोलीस सॅलरी पॅकेजमध्ये असेल तर बँकेच्या करारात वैयक्तिक अपघात विमा असतो, आणि त्यात बहुधा कायमच्या दिव्यांगत्वाचाही समावेश असतो. लोक फक्त मृत्यूनंतरच्या रकमेची चौकशी करतात. शाखेत जाऊन अपघाताच्या तारखेला खातं त्या पॅकेजमध्ये नोंदलेलं होतं का ते बघा, साध्या बचत खात्यात पगार जमा होत असेल तर दावा नाकारतात. कळवण्याची मुदत कमी असते.

दुसरं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. धडक देणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीवर दावा करता येतो. सरकारी वेतन किंवा निवृत्तिवेतन मिळतंय म्हणून तो बाद होत नाही. सेवेत त्याच वेतनावर राहिलात तर भविष्यातल्या उत्पन्नाच्या नुकसानीची रक्कम कमी धरली जाऊ शकते, पण उपचार, कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलण्याचा खर्च, वेदना हे मागता येतंच. मोटार वाहन कायद्यात आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. ती उलटून गेली असेल तरी स्वतःच ठरवून गप्प बसू नका, वकिलाला प्रथम खबर दाखवा.

---

सेवापुस्तक_पान४

सेवेत राहिल्यावर लगेच करायची कामंही सांगून ठेवतो. ४० टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असल्याने व्यवसाय कर माफ होतो आणि दिव्यांग कर्मचाऱ्याचा वाढीव वाहतूक भत्ता लागू होतो. दोन्हीसाठी प्रमाणपत्राची प्रत वेतन शाखेत द्यावी लागते, सेवार्थमध्ये (वेतनाच्या संगणक प्रणालीत) नोंद झाली की पुढच्या बिलापासून फरक दिसतो. जुन्या करप्रणालीत राहिलात तर दिव्यांग करदात्याची ७५,००० ची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. लष्कराच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला करमाफी आहे ती पोलिसांना नाही, त्यामुळे उद्या निवृत्त झालात तरी दरमहा निवृत्तिवेतन करपात्रच. उपदान आणि अंशराशीकरणाच्या रकमेवर कर नाही.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, जुनं हस्तलिखित प्रमाणपत्र हल्ली ठिकठिकाणी परत करतात. आणि नावाचं स्पेलिंग सेवापुस्तक, आधार आणि यूडीआयडी तिन्हीकडे एकच आहे का बघा. महालेखापालांकडून निवृत्तिवेतनाची प्रकरणं ज्या कारणांनी परत येतात त्यात हे वरच्या क्रमांकाचं आहे. तुमच्या हातात १३ वर्षं आहेत, पण दुरुस्तीचं राजपत्र आत्ताच करून टाका.